मोतिया साडी आणि व्हिनेगरची बाटली

आमच्या घरात रसायनशास्त्र फक्त मला येतं, असं ताईच्या लग्नाआधीच्या रविवारपर्यंत माझं ठाम मत होतं.

बाबांनी आईला घेतलेली एक मोतिया रंगाची रेशमी साडी होती. कपाटात राहून तिच्यावर पिवळट डाग पडले होते. बाबा गेल्यापासून आई फिकंच नेसते. ताईच्या लग्नात हीच नेसणार, दुसरी नको, असं तिनं सांगून टाकलं होतं.

"डाग झाकतील एवढाच रंग दे," ती मला म्हणाली. "उठून दिसता कामा नये."

उठून न दिसणं हा तर माझा खास विषय! मी लगेच हो म्हटलं.

दुकानात रेशमाला चालणारा एकच रंग उरला होता, राणी. (दुसऱ्या दुकानात गेले असते, तर आणखी एका अनोळखी माणसाशी बोलावं लागलं असतं. म्हणून घेतला.) हा रंग आंबट पाण्यात धरतो, आणि पुंडलिकनगरातलं आमचं बोअरचं पाणी नेमकं उलट, क्षाराचं. मी ठरवलं, पाणी जेमतेम आंबट ठेवायचं, म्हणजे रंगही जेमतेम लागेल. गॅसवर मोठं पातेलं चढवलं आणि चमच्याचमच्यानं व्हिनेगर घालत, माशांच्या टाकीचं पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या बुडवत बसले.

लग्नासाठी पाचोडहून आलेली आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, डोकावली.

"काय करायलीस गं? रंग हाय का आमटी?"

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठीत मला एवढंच सांगता आलं, "आत्या, आंबट कमी, तर रंग फिका. आंबट जास्त, तर सगळा रंग एकदम साडीत."

"असं व्हय!" म्हणत तिनं स्टूल ओढलं.

साडी हळूहळू फिकट गुलाबी झाली. अगदी हवी तशी! तेवढ्यात बेल वाजली. "आत्या, नुसतं ढवळत राहा हं," असं सांगून मी दाराशी गेले. शेजारच्या काकू होत्या. काय शिकतेस, इतकी बारीक का, आता तुझा नंबर कधी! बोलणं संपवायचं कसं ते मला येत नाही. संपेपर्यंत उभं राहता येतं.

परत आले तर पातेल्यातलं पाणी नितळ. प्यावं इतकं नितळ!

"रंग कुठं गेला?"

"साडीत," आत्या शांतपणे म्हणाली.

उलथन्यानं साडी उचलली. राणी! बँडवाल्यांनी अंगात घालावी अशी राणी! शेजारी व्हिनेगरची बाटली आडवी.

"आत्या, ही रिकामी कशी?"

"हात हलला."

"अख्खी बाटली?"

"लई हलला."

मी साडी बादलीत टाकली, कोमट पाण्यात खायचा सोडा ओतला आणि खसाखसा चोळत सुटले. थोडा रंग सुटला, पण तो कोपरापर्यंत माझ्या हातांना लागला. साडी होती तशीच राणी. आणि दारात आई.

"आई, मी... मी काहीतरी करते."

आईनं साडीचा पदर हातात घेतला.

"वन्सं, हे तुम्ही केलंत?"

"मीच केलं," आत्या म्हणाली. "माझ्या भावानं घेतलेली हाय ती. पोरीच्या लग्नात तू अशी फिकी उभी राहिलेली त्याला चाललं असतं का?"

आईनं पदर हळूच पिळला आणि माझ्या हातात दिला.

"सावलीत वाळत घाल," ती म्हणाली. "उन्हात रंग उडेल."

लग्नात आई राणी रंगात पुढे उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. विचारलं मला! मुलाकडच्या एका बाईंनी माझे हात धरून सगळ्या मांडवाला दाखवले. "अगंबाई, नवरीपेक्षा हिचेच हात रंगलेत की!"

माझा चेहरा तत्काळ हातांच्या रंगाचा झाला, तोही व्हिनेगरचा थेंब न लागता!