आळशी डावा फ्लिपर

शिकागोत डुडेकच्या बारमध्ये बर्निस वोयतालासमोर पिनबॉलबद्दल अक्कल पाजळायची नाही, हे आमच्याकडे पोरंही शिकलेली. पिनबॉलच्या कारखान्यात, बॉल पळतो त्या पटाखालच्या तारांना डाख देण्यात तिची तरुणपणाची वर्षं गेली. बायकांचा पगार कमी का, म्हणून तिनं साहेबाचं टेबल वाजवलं होतं, आणि कारखाना बंद झाला तेव्हा फाटकाला मिठी मारून बसलेलीही तीच. तिनं जोडलेलं एक यंत्र बारच्या खिडकीशी उभं होतं, वाघाच्या सर्कशीचं. दर गुरुवारी आमची लीग त्याच्यावरच खेळायची.

मग बारचा मालक काझ डुडेकनं नवं यंत्र आणलं. तेच लाकडी खोकं, तीच बटणं, फक्त काचेखाली पटाऐवजी आडवा स्क्रीन. त्यात ढीगभर खेळ, आणि त्या ढिगात आमची सर्कससुद्धा. जागा मात्र एकाचीच. जुन्याला गिऱ्हाईकही लागलं होतं, शनिवारी न्यायला येणार होतं. पण काझ बापाच्या वळणावर गेलेला, बर्निसचं मन मोडवत नव्हतं. त्यानं शब्द दिला, की बर्निसनं एकदा खेळून बघावं. ती नको म्हणाली तर नवं परत.

"टीव्हीतलं जेवण बघून पोट भरतं का रे?" बर्निस म्हणाली. निकाल तिनं तिथेच लावला होता. खेळणं नुसतं उपचारापुरतं.

गुरुवारी सगळे जमले. पहिलाच बॉल बाद व्हायला डावीकडच्या गटाराकडे निघाला आणि बर्निसनं जन्माच्या सवयीनं, तो वळवायला, खोक्याला कंबरेचा धक्का दिला. खोकं हललं. चित्रातला बॉल काही हलला नाही, सभ्य माणसासारखा गटारात उतरला. बार हसला. काझ घाईनं सांगू लागला, की धक्का ओळखणारा सेन्सर अजून बसवायचाय.

"राहू दे. मेलेल्याला गुदगुल्या करून काय होतंय," ती म्हणाली. जिंकल्यासारखा चेहरा करून तिनं दुसरा बॉल सोडला.

घोळ इथे झाला. खिडकीशी असलेल्या जुन्या यंत्राचा डावा फ्लिपर, बॉल वर उडवणारी ती दांडी, आळशी. बटण दाबलं तरी अर्धवट उठणार, म्हणून बॉल टोकाला पोचायच्या आत मारायचा, हे आम्हा सगळ्यांच्या बोटांत मुरलेलं. बर्निसनं तसंच मारलं आणि चुकली. पुन्हा चुकली. मग बोटांना कुठून कोण जाणे एक जुनी वेळ आठवली. बॉल तिनं टोकापर्यंत येऊ दिला, मारला, आणि तो चढावरून सरळ वाघाच्या रिंगणात गेला. परत मारला, परत गेला.

तिचा चेहरा उतरला. लोकांना वाटलं, हरली म्हणून. खरी गोष्ट वेगळीच होती. नवंकोरं यंत्र कारखान्यातून निघण्याआधी बायका त्यावर एकेक बॉल मारून बघायच्या, आणि तो असाच जायचा. अगदी असाच. तिनं जोडलेलं यंत्र तर हे स्क्रीनवरचं होतं. मग खिडकीशी उभं होतं ते काय?

तिनं काझकडून किल्ली घेतली, काच काढली, जुन्या यंत्राचा पट वर उचलला. शेजारी युनिस येऊन वाकली. कारखान्यात दोघी एकाच बाकावर बसायच्या. आत बर्निसचे गोल, गुबगुबीत डाख शोधावे लागत होते. बाकी सगळी दुरुस्तीवाल्यांची ठिगळं. फ्लिपर उचलणारं तारेचं गुंडाळं तर काझच्या बापानं भलत्याच यंत्रातून काढून बसवलेलं.

"ह्यात तुझं काय राहिलंय गं?" युनिसनं विचारलं.

"शिव्या," बर्निस म्हणाली.

काझला उत्तर हवं होतं. खरं यंत्र कुठलं, एवढंच सांग, म्हणाला.

"मी केलेलं ते," तिनं स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"मग हे शनिवारी देऊन टाकू?"

"हात तर लावून बघ."

"अगं, पण कारण काय?"

साहेबाच्या तोंडावर कारणांची फैर झाडणारी ही बाई. आज तिनं नुसता पट खाली केला, काच सरकवली, नाणं टाकलं. बॉल डावीकडे घसरला. तिनं कंबर मारली. यंत्र कुरकुरलं, बॉल दचकून आत आला, आळशी फ्लिपरनं तो अर्ध्या चढापर्यंत ढकलला, आणि तो माघारी आला. तिनं एक जुनी शिवी घातली. मागे लीगचे लोक आपापल्या पाळीसाठी रांगेत उभे राहिलेसुद्धा.

काझनं खांदे उडवले आणि नव्याची वायर उपसली. स्क्रीन काळा झाला. बर्निसचा बॉल गटारात गेला, कारण ती तिकडे बघत होती.

"ते परत न्यायला कधी येणार?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

"मग आत्ताच बंद कशाला केलंस? लाव की."