बॉनेटवर डोकं ठेव

त्यानं माझं मनगट पिरगाळलं आणि गंजका पत्रा घासायचा जाड पेपर उचलून माझ्या हातावर घासायला लागला. कोपरापासून मनगटापर्यंत. एकदा. दोनदा. पाच-सहा वेळा. आधी कातडीचा पांढरा भुसा निघाला, मग रक्त आलं.

“काढ आता. लई कारागीर हायेस ना? ह्यो बी ओरखडा काढ.”

भरदुपारी, जालना रोडच्या कडेला, पत्र्याच्या शेडसमोर. रिक्षा जात होत्या. लोक मान वळवून बघत होते आणि पुढं जात होते. मी ओरडलो नाही. तेव्हा मला त्या न ओरडण्याचं कौतुक वाटलं होतं, आज लाज वाटते. बोंब मारायला हवी होती.

गाडीच्या रंगावरचे ओरखडे काढायचं माझं काम. मशीनवर नाही, हातानं. धुळीच्या फडक्यानं पुसून पुसून रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल, बारीक ओरखडे उमटतात. उन्हात लगेच दिसतात. त्यावर बोटभर पॉलिश घ्यायचं, मऊ फडकं घ्यायचं आणि हात सरळ रेघेत चालवायचा. गोल फिरवला की जुने जातात आणि नवे उमटतात. हे मला उस्तादांनी शिकवलं. उस्ताद म्हणजे शेडचे मालक, मूळचे खुलताबादचे, हाडाचे रंगारी. त्यांचा नियम कडक होता. गाडीला हात लावायच्या आधी अंगठी, घड्याळ, पट्टा, सगळं उतरवायचं. माझ्या हातात आजोबांचं चांदीचं कडं होतं. तेही मी रोज सकाळी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचो.

ती गाडी काळी होती. मालक पाटील. राहायला पुंडलिकनगरात, रान पाचोडकडं. त्याच रानात उन्हाळ्यात माझ्या बापाच्या मेंढ्या बसतात आणि त्याच्याच विहिरीवर पाणी पितात. म्हणून गाडी आली तेव्हा मी जरा जास्तच लवलो होतो, खोटं कशाला बोलू? दोन दिवस घासली. जाळं सगळं गेलं, बॉनेटमध्ये माझं थोबाड दिसायला लागलं. आणि वरचा धुरकटपणा गेल्याबरोबर खालचे खोल ओरखडे उघडे पडले. त्यांत नख अडकत होतं. नख अडकलं की तो ओरखडा पॉलिशनं जात नाही. पाटील आला तेव्हा मी त्याला हेच समजावून सांगणार होतो. त्याला एवढंच दिसलं, की परवा नसलेले ओरखडे आज आहेत.

“ह्या मेंढक्याच्या कड्यानं वाट लावली माझ्या गाडीची.”

“कडं खिळ्याला हाय, साहेब. बघा की.”

तेवढ्यावर थोबाडीत बसली. मग मनगट, मग तो पेपर.

रक्त बघून उस्ताद मध्ये आले. मला वाटलं, आता हे बोलतील. ओरखडा नवा की जुना, हे नुसत्या बोटानं सांगणारा माणूस. ते माझ्या कानाशी आले. “माफी माँग ले बेटा. बड़े लोगां हैं. क्या जाता तेरा?”

पाटील म्हणाला, “नुसती माफी नको. बॉनेटवर डोकं ठेव आन् म्हण, माझ्या हातनं चूक झाली. नायतर बापाला सांग, उद्यापासनं माझ्या शिवारात दिसला तर तंगड्या तोडीन. मेंढ्यांच्या नाय, त्याच्या.”

मी वाकलो. सांगताना आजही जीभ जड होते, पण वाकलो. बापाच्या तंगड्या डोळ्यांपुढं होत्या. कपाळ तापलेल्या पत्र्याला टेकलं, चटका बसला. ‘चूक झाली’ हे शब्द तोंडात आले होते. आणि तेवढ्यात, नाक पत्र्याला लागलेलं असताना, ते ओरखडे मला एकमेकांना जोडलेले दिसले. उभ्यानं कधी दिसले नसते. एक उभा पट्टा, एक आडवा, चारी टोकं वळलेली. स्वस्तिक होतं.

दसऱ्याला गाडीवर ओल्या कुंकवानं काढलेलं. वाळून घट्ट बसल्यावर कुणीतरी भांड्याची तारेची घासणी घेऊन, रेघेवरून रेघ घासून पुसलेलं. वर दसऱ्यापासूनच्या फडक्यांचं जाळं चढलं, म्हणून झाकून राहिलं. मी जाळं काढलं आणि त्यांच्या घरचा ओरखडा माझ्या माथी आला.

मी डोकं वर काढलं.

“साहेब, हे तुमच्या दसऱ्याचं स्वस्तिक हाय. तुमच्याच घरात तारेच्या घासणीनं पुसलंय. मी कवा आलतो तुमच्या पूजेला? आमाला ओट्याच्या वर तरी घेता का तुमी?”

त्याचा चेहरा उतरला. त्याला आठवलं होतं, मला ते स्पष्ट दिसलं. आणि आठवलं म्हणूनच त्यानं आईवरून शिवी दिली आणि पुन्हा हात उगारला.

ह्या वेळी मनगट मी धरलं. माझा हात रक्तानं निसरडा झाला होता, तरी सुटू दिलं नाही. पिरगाळलं. दुसऱ्या हातानं मान धरली आणि त्याचं थोबाड त्याच तापल्या पत्र्यावर दाबलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. ते लपवणार नाही.

“हितनं बघ. मी जिथनं बघितलं तिथनं बघ. दिसलं का?”

तो लाथा झाडत होता. उस्ताद माझा शर्ट ओढत होते. मी आणखी दाबलं.

“दिसलं. सोड. दिसलं.”

“मी केलं का?”

“नाय.”

तेव्हा सोडला.

उस्तादांनी मला त्याच दिवशी काढून टाकलं. कडं हातात देताना माझ्याकडं बघितलंही नाही. संध्याकाळी बापाचा फोन आला. “पाया पड त्यांच्या. मेंढरं कुठं पाजू मी?”

“नाय पडणार, आबा.”

बाप फोनवर रडला. दुसऱ्या दिवशी कळप घेऊन परक्या शिवारात गेला. त्या उन्हाळ्यात पाण्याविना सात मेंढ्या मेल्या. तुझ्यामुळं मेल्या, असं तो म्हणतो, आणि मी नाही म्हणत नाही. वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही.

मेंढ्यांचं दुःख आहे. त्या माणसाचं थोबाड दाबल्याचं नाही. पस्तावा एकाच गोष्टीचा, मी आधी वाकलो याचा. आता कुणापुढंही वाकणार नाही, बापानं पुन्हा गळ घातली तरी नाही. माझ्यावर जो हात उगारेल त्याचं मनगट मी धरीन, आणि तो खरं बोलेपर्यंत सोडणार नाही.