काकीचे हाल

हाल हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ अर्थ नुसती स्थिती, बरी किंवा वाईट. हिंदीत आजही कोणीही कोणाला खुशाल हाल विचारतो. मराठीने त्यातली बरी स्थिती काढून टाकली आणि उरलेल्याचं अनेकवचन केलं. वर्तमानपत्रात शब्दांवरचं सदर लिहीत असताना मला हे कळलं होतं. त्याचा उपयोग चिंचवडच्या एका हाडांच्या दवाखान्यात झाला, तोही उलटा.

काकी, म्हणजे माझी चुलती, महाळुंग्याची. शेतात कंपनी उभी राहिली तसा घरावर मजला चढला. खाली भाडेकरू कामगार, वर काकी. गुडघे गेल्यापासून ती जिना बसून उतरायची. ऑपरेशन ठरावं म्हणून मी आणि तिची सून तिला घेऊन गेलो होतो. एक्स-रे वाईटच होता, पण ऑपरेशन एक्स-रेवरून नाही, पेशंटच्या त्रासावरून ठरतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

“कसं वाटतंय, आजी?”

“बरं हाय. तुमचं बरं हाय न्हवं?”

आमच्याकडे परक्याने विचारलं की बरंच असतं. डॉक्टरांनी विचारलं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? पाहुणी म्हणून जेवायला बसल्यासारखी काकी संकोचली.

“घाला दोन.”

“दोनला गुडघा बदलत नाहीत.”

मग मी बोललो. “डॉक्टर, घरी हिचे फार हाल होतात.”

सून माझ्याकडे बघतच राहिली. मी काकीची स्थिती सांगितली होती. महाळुंग्यात त्याचा अर्थ, सून सासूला बघत नाही.

“कुणी सांगितलं रं तुला?” काकी उखडली. “घरातलं पेपरात छापतोस व्हय? सून हातात च्या आणून देती मला. हाल व्हत्याल तुझं, बायकू माहेरी गेल्यावर!”

डॉक्टर हसले. “हात न टेकता उठून दाखवा बरं.”

सुनेने पुढे केलेला हात सारून काकी उठली. दारापर्यंत गेली, वळली, परत आली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. घाई नको, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या आणि व्यायाम देऊन त्यांनी सहा महिन्यांनी बोलावलं.

गाडीत बसताना तिचा उजवा पाय वर येईना. सुनेने वाकून तो दोन्ही हातांनी उचलला आणि आत ठेवला.

“लई दुखतंय गं,” काकी तिला म्हणाली, मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.