डोळ्यांवर पट्टी, हातात पित्ताशय

कारंजाच्या आमच्या हॉस्पिटलात व्हीआर मशीन आलं, तेव्हा वाटलं सर्जन तयार होतील. तयार झाले किस्से! चहाला बसलं की कोणीतरी "तो मॉपचा सांग ना" म्हणतं आणि चहा थंड होतो.

मशीन म्हणजे डोळ्यांवर जाडजूड हेडसेट आणि दोन्ही हातांत हँडल. समोर खोटं पोट दिसतं, दुर्बिणीचं ऑपरेशन करायचं, मशीन मार्क देतं. आमच्या गावंडे सरांचा नियम: "इथं पास झाल्याशिवाय माझ्या पेशंटले हात लावायचा नाही!" त्यामुळे मी आणि नम्रता, आम्ही दोघी ज्युनिअर, जीव तोडून प्रॅक्टिस करायचो.

*

उद्घाटन अर्थात सरांच्या हस्ते. हेडसेट चढवला, टेबलावरचा पेशंट दिसला आणि सरांनी सवयीनं विचारलं, "काय काका, सकाळपासून काही खाल्लं तर नाही ना?"

सरांचा आवाज चढला. "काका, बोलून काहून नाही राह्यले?"

"सर, त्यांना भूल दिलीय!" नम्रता म्हणाली.

"मग आधी सांगायचं ना!" आणि मग हळूच, "सॉरी, काका."

*

पुढचा मान नम्रताचा. तिनं भलतीच रक्तवाहिनी कापली. जिकडेतिकडे रक्त! ती किंचाळली, "मॉप! मॉप द्या लवकर!"

आमच्यात मॉप म्हणजे रक्त टिपायचं कापड. पण व्हरांड्यात लादी पुसणाऱ्या शांताबाई बादलीसकट धावत आल्या. "कुठी सांडलं, मॅडम?"

हेडसेटमधल्या नम्रतानं हँडल सोडून हात पुढे केला. हातात पोछ्याचा दांडा आला. तिनं तो तसाच हवेत दाबून धरला!

मशीननं दिला भोपळा. शांताबाई खाली वाकून म्हणाल्या, "लादी तं कोरडीच हाय!"

*

जोर जास्त लागला की मशीनमधली बाई इंग्रजीत टोकते. सर तिच्याशी भांडायचे. "वऱ्हाडातला हात आहे, बाई, याहून हळू नाही येत!"

एकदा खऱ्या ऑपरेशनमध्ये आमच्या सिस्टरनी मास्कआडून हुबेहूब तोच आवाज काढला. सरांचा हात जागच्या जागी सैल! "बरं बाई," ते म्हणाले.

*

शेवटी मी पास झाले. पहिली खरी केस मिळाली ती इंझोरीच्या सुमनबाईंची, पित्ताशयातले खडे. आदल्या दिवशी मशीनवर हात चालवत होते. सुमनबाईंच्या मालकांनी, रामरावांनी, काचेतून मला पाहिलं. ते तडक सिस्टरकडे! "त्या मॅडम डोयाले पट्टी बांधून आपरेशन करून राह्यल्या! मी बायकोले घरी नेतो!"

पिशवी भरून तयार. संमतीपत्रावर सही करायला साफ नकार.

मी त्यांना आत आणलं, हेडसेट त्यांच्याच डोळ्यांवर चढवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे पोट कोनाचं?"

"कोणाचंच नाही, दादा. शिकण्यासाठी केलंय."

"याचं कोनीच नाई?"

"कोणीच नाही."

त्यांनी हेडसेट काढला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या शेजारी उभे होते, पण बोट लावलं नाही त्यांनी. पित्ताशय सुखरूप बाहेर आलं, सुमनबाई सुखरूप वॉर्डात गेल्या आणि मी चेंजिंग रूममध्ये एकटीच नाचले!

डिस्चार्जच्या दिवशी रामराव दोन डबे घेऊन आले. एक सुमनबाईंना दिला. दुसरा घेऊन थेट मशीनच्या खोलीत शिरले, हेडसेटच्या शेजारी ठेवला.

"दादा, हा कोणाला?"

रामरावांचा चेहरा एकदम गंभीर. "त्याचं कोनीच नाई म्हने ना. मंग त्याले डबा कोन आनते?"