सायकल फिरायला नेणारे मास्तर

घासलेटच्या रांगेत माझ्यापुढे दोघीच उरल्या होत्या, तेव्हा शेजारच्या सखूबाई मला शोधत आल्या. वैशाखातलं ऊन, दुकानापुढे सावलीचं नाव नाही, डोक्यावरचा पदर तव्यासारखा तापलेला. घरी नवरा दुखणाईत, म्हणून सखूबाईंनाच मी त्यांच्याजवळ बसवून आले होते. त्या येऊन माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. मी विचारलं, "आत्ताच येऊ, का तेल घेऊन येऊ?" त्यांनी माझ्या हातातला डबा आपल्याकडे घेतला आणि म्हणाल्या, "आता घेऊनच चाला." त्यावरून मला कळलं. घाई करण्यासारखं काही उरलं असतं, तर त्यांनी मला हाताला धरून ओढत नेलं असतं. मी तेल घेतलं. नंतर कुणाकुणाला ते विचित्र वाटलं म्हणे... पण संध्याकाळी घर माणसांनी भरलं तेव्हा सगळ्यांचा चहा त्याच तेलावर झाला.

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, आणि लिहिताना सारखं 'हे' 'हे' म्हणत राहिले तर वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा. म्हणून शाळेतली मुलं म्हणत तसं मीही मास्तरच म्हणते. ते हायस्कुलात भूमिती शिकवत. धरमपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघं, मुलगी कुसुम, पुढे फुटाणा नावाचा कुत्रा, आणि या सगळ्यांच्या आधीपासून त्यांची सायकल. सायकल माझ्यापेक्षा घरात जुनी होती, हे ते मला कधीकधी हसत ऐकवत. मला हसू येत नसे. रविवार उजाडला की ओसरीवर जुनं धोतर पसरून ते तिचे सगळे भाग सुटे करून मांडत, चेन घासलेटमध्ये भिजत घालत, आणि दुपारी पुन्हा जोडत. त्या धोतराचे, त्यांच्या बाह्यांचे, दाराच्या कडीचे काळे डाग काढायचं काम सोमवारी माझं. वीस-बावीस वर्षांचे सोमवार आठवले की अजूनही बोटं चुरचुरतात.

माझं माहेर नरखेडकडचं, संत्र्याच्या बागेतलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही दोघं तिकडे जाणार होतो. मास्तरांनी मला आणि ट्रंकेला गाडीत बसवून दिलं आणि फलाटावरून सांगितलं, "तू हो पुढे, मी येतोच." मला वाटलं, मागच्या गाडीनं येतील. नरखेडच्या स्टेशनावर माझे बाबा नवा फेटा बांधून, बैलांच्या शिंगांना रंग लावून जावयाला घ्यायला आले होते. मी एकटीच उतरले. बाबा डब्यात डोकावून आले, परत आले, म्हणाले, "जावईबुवा कुठं हायेत वं?" मी म्हटलं, "येऊन राहिले मागून." बाबांनी गाडी पुढे हाकलीच नाही. दिवे लागेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. शेवटी काटोलच्या रस्त्यानं धुळीनं पांढरा झालेला एक माणूस सायकलवरून येताना दिसला, भुवयासुद्धा पांढऱ्या. उतरून ते बाबांच्या पाया पडले, आणि आधी काय म्हणाले असतील, तर "रस्ता फार चांगला आहे." बाबांनी त्यांना बैलगाडीत बसा म्हटलं नाही. ते गाडीच्या मागे मागे सायकलवरून घरापर्यंत आले. आई ओवाळायला पुढे झाली, तेव्हा कुंकू त्या धुळीवर टिकेना.

फुटाणा आला तो असाच, न विचारता. महालात एका भडभुंज्याच्या भट्टीमागे राखेत बसलेलं पिल्लू होतं, ते मास्तरांनी पिशवीत घालून आणलं. मी म्हटलं, "माझ्या हाताला आणखी एक काम." ते म्हणाले, "लहानच राहील हा, पंजे पाह्य त्याचे." तेवढं मात्र खरं झालं. तो मांजराएवढाच राहिला. हँडलला बांधलेल्या वेताच्या टोपलीत कान मागे पाडून बसायचा आणि समोरून येणाऱ्या टांग्याच्या घोड्यावर सुद्धा भुंकायचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी त्याला दोनदा दटावलं असेल, मग त्यानं तो उंबरा कधी ओलांडला नाही. पण त्याला आंघोळ घालायची मी, त्याच्या गोचिड्या काढायच्या मी, आणि संध्याकाळी सायकलची घंटी वाजली की तो जायचा मास्तरांकडे. याचं मला वाईट वाटायचं नाही. कंटाळा यायचा, एवढंच.

लढाईच्या वर्षांत टायर-ट्यूब मिळेनासे झाले. शहरातल्या कितीतरी सायकली भिंतींना टेकून बसल्या. आमची चालू राहिली, कारण मास्तर ठिगळावर ठिगळ लावत. फाटलेल्या टायरच्या आतून त्यांनी माझ्या बिछाना बांधायच्या जुन्या होल्डॉलचं कापड शिवून घातलं. एकदा पाहुणे आले म्हणून पापडांचा डबा उघडला, तर आत पावडर लावून गुंडाळून ठेवलेली ट्यूब. पापड मग कपाटामागे, कागदात. माझ्याकडे बघून तेच म्हणाले, "डब्यात हवा लागत नाही ना, रबर टिकते." मी म्हटलं, "पापडही टिकतात." त्यावर ते बराच वेळ विचार करत राहिले, जणू ही बाजू त्यांच्या लक्षातच आली नव्हती.

मग एकदा ते रामटेकला गेले आणि संध्याकाळी बैलगाडीतून परत आले. सायकल कडब्यावर आडवी टाकलेली, तिच्या बाजूला मास्तर, आणि त्यांच्या छातीला टेकून फुटाणा. कामठीच्या अलीकडे झाडाखाली बसले ते उठता येईना, असं गाडीवाल्यानं सांगितलं. डॉक्टरांनी नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, हृदय मोठं झालं आहे, सायकल कायमची बंद, सपाटीवर सावकाश चालायला हरकत नाही. मला वाटलं होतं, आत जाऊन सांगताना मला रडू येईल. तसं काही झालं नाही. मास्तर म्हणाले, "ऐकलं मी. दार उघडंच होतं."

पहिले काही दिवस ते नुसते पडून असत. मग एका संध्याकाळी उठले, बूट घातले, फुटाण्याला टोपलीत बसवलं आणि सायकल फाटकाबाहेर काढायला लागले. मी हातातलं पीठ तसंच ठेवून धावले. ते म्हणाले, "बसत नाही मी. नुसती फिरवून आणतो. घरात बसून बसून खराब होते ती." लोक कुत्र्याला फिरायला नेतात, आमच्या घरी सायकल फिरायला नेत. माझा त्यांच्या शब्दावर विश्वास होता, पण पायांवर नव्हता. गल्लीच्या वळणापुढे कोण पाहतं? म्हणून मीही बरोबर निघाले. तेव्हापासून रोज. दिवसभराचं धुणं-भांडी, रेशनची रांग, त्यांचं औषध, हे सगळं आटोपून संध्याकाळी तेलंगखेडीच्या वाटेनं निघायचं. हँडल धरून चालणारे मास्तर, टोपलीत राजासारखा बसलेला फुटाणा, आणि एक पाऊल मागे मी. पोरं हसत. मास्तरांचे जुने विद्यार्थी सायकलवरून उतरून नमस्कार करत आणि पुन्हा बसायला ओशाळत. मास्तर त्यांना म्हणत, "बसा गा, बसा. आमचं असंच आहे आता."

त्या वाटेवर तलावाकडे जाणारा एक उतार आहे. आम्ही तिथून परत फिरत असू. थंडीच्या दिवसांत एकदा मास्तर तिथं उभे राहून म्हणाले, "इथून पुढं पायडल मारावंच लागत नाही." मी म्हटलं, "मंग?" म्हणाले, "मंग काही नाही. सांगून राहिलो." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले, निराळ्या शब्दांत. त्यानंतर बोलणं थांबलं, पण उतारापाशी आलं की ब्रेक दाबून पाहणं सुरू झालं. एका संध्याकाळी मी तिथल्या रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. गुडघे ठणकत होते, पहाटेपासून पाठ टेकलेली नव्हती. मास्तर ब्रेक दाबत होते, सोडत होते. माझ्याकडे बघत नव्हते. आज नाही तर उद्या, मी नसताना हा माणूस इथं येणार, असं मला वाटलं... आणि असंही वाटलं, की कुणाला किती दिवस असं उतारावर धरून ठेवायचं? मी म्हटलं, "बसा एकदाचे."

त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. फुटाण्याला टोपलीतून काढून माझ्या हातात दिलं, "याले धर." म्हणजे पडलो तर हा नको बरोबर, एवढा विचार त्यांच्या मनात झालेला होता. मग पाय टाकून बसले. पायडल मारलंच नाही. पाठ ताठ, उपरण्याचं टोक मागे उडतंय, असे ते लहान लहान होत गेले. फुटाण्याचं सगळं अंग माझ्या हातात थरथरत होतं, पण त्यानं तोंडातून आवाज काढला नाही. खाली तलावाच्या कडेला सायकल थांबली, मास्तरांनी एक पाय जमिनीवर टेकवला, आणि तसेच उभे राहिले. मी कुत्र्याला घेऊन तो सगळा उतार उतरले. वाटेत मला राग आला होता, कारण आता लांबच्या सपाट रस्त्यानं परत जावं लागणार होतं आणि घरी भात टाकायचा होता. जवळ गेले, तर त्यांचे डोळे पाण्यानं भरलेले. म्हणाले, "वारं लागलं." मी म्हटलं, "चला, अंधार पडेल."

पुढे कुसुम सासरहून, अकोल्याहून आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती रागावली. "आई, तू त्यांना जाऊ कसं दिलंस?" मी तिला म्हटलं, "विचारून गेले. लपून गेले असते तर तुला आवडलं असतं का?" डॉक्टरांना आम्ही सांगितलं नाही, आणि मास्तरांनीही पुन्हा कधी उतारापाशी ब्रेक दाबून पाहिला नाही. होळीनंतर पाय सुजायला लागले, तशी संध्याकाळची फेरी फाटकापर्यंत आली, मग ओसरीपर्यंत. उन्हाळ्यात मी गारव्यासाठी दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायची, पंखा हलवायची, पुन्हा पाणी मारायची. त्या दिवसांतलं त्यांचं बोलणं मला फारसं आठवत नाही. पाणी मारल्यावर येणारा वास आठवतो. शेवटच्या दुपारी सखूबाईंना ते म्हणाले म्हणे, "ऊन फार आहे, तिला सावलीतून यायला सांगा." मग कुशीवर वळले.

तेरावं झालं, माणसं आपापल्या गावी गेली, आणि फुटाण्याचं एक नवंच दुखणं उभं राहिलं. तो घराबाहेर पडेना. गर्दीत इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गळ्यात दोरी बांधून मी त्याला फाटकापर्यंत ओढत नेलं, की तो चारी पाय रोवून बसायचा. पिल्लू असल्यापासून ज्यानं घरात घाण केली नाही, तो ओसरीच्या कोपऱ्यात करायला लागला आणि करून झाल्यावर भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. कुसुम म्हणाली, "कुणाला तरी देऊन टाक आता. तुझं वय आहे का हे उपसायचं?" मलाही ते पटत आलं होतं. सखूबाई कुंपणापलीकडून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "काहून ओढता त्याले? त्याले सायकल पाहिजे. सायकलीशिवाय बाहीर गेलाच नाही तो कधी."

मी सायकल काढली. कुसुम दारात येऊन उभी राहिली. "आई, अजून महिना नाही झाला. सायकल घेऊन रस्त्यानं फिरशील तर लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "कुत्र्याले बाहेर न्यायला पाहिजे, बाई. लोकांचं मंग पाहू." फुटाण्याला उचलून टोपलीत ठेवलं. त्यानं कान मागे पाडले.

इतके महिने मी त्या सायकलीच्या मागे चालले, पण तिला हात कधी लावला नव्हता. फाटकातून काढतानाच पायडल नडगीवर आपटलं. रस्त्यावर आल्यावर ती माझ्या अंगावर कलायला लागली, सावरावी तर पलीकडे झुकायची. टोपलीतल्या ओझ्यानं हँडल आपोआप वळे. तो रस्ता सपाट आहे, असंच आम्ही म्हणत आलो होतो. पण टपालाच्या पेटीपर्यंत जाईतो माझे दंड भरून आले, धाप लागली, आणि मला थांबावं लागलं. मास्तरही याच पेटीपाशी थांबत. मग पुढच्या मोठ्या कडुलिंबापाशी, मग मोरीपाशी. कधी फुटाण्याचा कान सरळ करायला, कधी रुमालानं घंटी पुसायला, कधी मला आभाळातला एखादा रंग दाखवायला. माझे गुडघे दुखतात म्हणून थांबतात, असंच मी तेव्हा धरून चालले होते. मला बरं वाटायचं, की एवढं तरी लक्षात येतं या माणसाच्या...

फुटाण्यानं टोपलीतून उडी मारली, खांबापाशी जाऊन आपलं काम केलं, आणि परत येऊन पुढे जायची वाट पाहत माझ्याकडे बघत राहिला. "थांब जरा," मी त्याला म्हटलं. समोरून दोन ओळखीच्या बाया येत होत्या. धाप लागलेली त्यांना दिसू नये म्हणून मी पदराचं टोक घेतलं आणि श्वास जागेवर येईपर्यंत घंटी पुसत उभी राहिले.