पुलापलीकडच्या काकी

"एवढी बारीक अक्षरं वाचतंय कोण," असं सभेत कोणी म्हणायचा अवकाश, काकी डोळ्यांवरचा चष्मा काढून त्याच्यापुढे धरायच्या. "हा घ्या. वाचा पाहू." समोरचा माणूस हसायचा, मान हलवायचा, हात जोडायचा. काकी चष्मा मागे घेत नसत. शेवटी तो बिचारा दुसऱ्याच्या नंबराचा चष्मा नाकावर चढवून खरोखरच वाचू लागायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांच्या शेजारी बसायचं टाळतो.

मला टाळता येत नव्हतं, कारण मी सेक्रेटरी होतो. पावसच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान आहे. अक्षर बरं आहे आणि कोणी काम सांगितलं तर नाही म्हणता येत नाही, एवढ्या दोन गुणांवर आमच्या व्यापारी संघाने मला सेक्रेटरी करून टाकलं होतं.

रत्नागिरीकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. शहराला लागून भाट्याची खाडी आहे आणि खाडीवर पूल. पुलाच्या एका बाजूला बाजारपेठ आणि शहराचा मोठा व्यापारी संघ. दुसऱ्या बाजूला, समुद्राच्या कडेकडेने पसरलेल्या गावांचा आमचा छोटा संघ. शहरवाले आम्हाला पुलापलीकडचे म्हणतात. आमच्याकडून पाहिलं तर तेच पलीकडचे आहेत, पण हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

आमच्या संघात आंब्याचे चार-पाच मोठे व्यापारी होते, एक हार्डवेअरवाला, एक लॉजवाला, दोन गिरण्या. बाकी सगळी घरगुती मंडळी. कोणी कोकमाचं आगळ करणारी, कोणी पापडवाली. शेवंतीबाय नावाची एक बाई माडाच्या झावळांचे हीर काढून खराटे बांधायची, तीसुद्धा सभासद होती. काकी स्वतः आंबापोळी आणि फणसपोळी करायच्या. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, अंगणात मांडव, आणि मे महिन्यात अंगणभर ताटंच ताटं. कावळे हाकायला एक लांब काठी हाताशी असायची. सभेला येतानाही ती कधीकधी हातात राहायची, आणि मग सभा जरा लवकर आटपायची.

त्या मूळच्या आमच्याकडच्या नव्हत्या. वडील पोफळीला वीजकेंद्रात नोकरीला होते, बालपण तिथल्या कॉलनीत गेलं. लग्न होऊन इकडे आल्या त्याला चाळीस वर्षं झाली तरी भांडणात हमखास सांगायच्या, "मी पोफळीची. आमच्याकडे वीज तयार होते. तुमच्याकडे नुसती येते नि जाते."

आमच्या संघाची एक रीत होती. संघ स्थापन झाला तेव्हा दोन वजनदार माणसं एकमेकांना अध्यक्ष म्हणून मानायला तयार होईनात. तेव्हा कोणीतरी शक्कल काढली की कायमचा अध्यक्षच नको. सभा पाळीपाळीने एकेका सभासदाच्या जागेत घ्यायची, आणि ज्याची जागा तो त्या दिवसाचा अध्यक्ष. हे घटनेत लिहिलं गेलं आणि तसंच चालत राहिलं. त्यामुळे आमच्या सभा कधी गिरणीत भरत, कधी लॉजच्या गच्चीवर. एकदा शेवंतीबायच्या पडवीत भरली होती. अध्यक्षस्थानी बसून ती सबंध सभाभर हीर सोलत होती, आणि ठरावही नीट पार पडले होते.

तर झालं असं की दोन्ही संघ एकत्र करून एक प्रादेशिक संघटना काढायची, असं शहरातल्या संघाच्या अध्यक्षांनी मनावर घेतलं. त्यांना सगळे शेठ म्हणतात. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एकत्र आलो तर कलेक्टर कचेरीत आपलं कोणी ऐकेल, मुंबई-पुण्याच्या आंबा महोत्सवात जागा मिळेल, शीतगृहाचं काम मार्गी लागेल, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. आमच्या मोठ्या व्यापाऱ्यांना पटलं. काकींनाही पटलं. नव्या संघटनेच्या घटनेचा मसुदा शहरातून आला आणि मराठीत टाइप करायला माझ्याकडे दिला गेला.

सातव्या पानावर एकोणिसावं कलम होतं. ठरावीक उलाढालीच्या खालचे सभासद हे 'सहयोगी सभासद' राहतील. त्यांना सभेला बसता येईल, बोलता येईल, मत देता येणार नाही. म्हणजे आमच्या संघातले निम्म्याहून जास्त लोक गेले. काकी गेल्या, शेवंतीबाय गेली. ते कलम मी वाचलं, टाइप केलं, प्रती काढल्या, स्टेपल केल्या आणि वाटल्या. कोणाला काही बोललो नाही. मला वाटलं, मोठ्या लोकांनी विचार करूनच लिहिलं असेल. माझं आयुष्य या एका वाक्यावर बरंच चाललेलं आहे.

तिसऱ्या दिवशी काकी दुकानात आल्या. हातातला मसुदा सातव्या पानावर दुमडलेला होता.

"काय सेक्रेटरी, हे तुम्हाला माहीत होतं?"

हो म्हणालो. खोटं बोलण्याएवढाही धीर नव्हता.

"टाइप करताना हात थांबला नाय?"

नाही थांबला, म्हणालो. आता बरसतील म्हणून मी खाली बघत उभा राहिलो. काकींनी पिशवीतून आंबापोळीची गुंडाळी काढून काउंटरवर ठेवली आणि गेल्या. ती पोळी मी दोन दिवस खाल्ली नाही. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्या घरोघर फिरल्या. शेठच्या कानावर गेलं तेव्हा ते स्वतः गाडी घेऊन काकींकडे आले, मलाही बरोबर घेतलं. शाल, श्रीफळ आणि नव्या संघटनेत महिला उपाध्यक्षपद, अशी सगळी तयारी होती. काकींनी नारळ हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला आणि परत दिला. पाणी नाही ह्यात, म्हणाल्या. दारात माड असलेल्या बाईला बाजारातला नारळ द्यायचा म्हणजे शेठचंच चुकलं. शाल मात्र त्यांनी उलगडली आणि शेठच्याच खांद्यावर नीट घातली. "पुलावर वारा असतो संध्याकाळचा. घालून जा." उपाध्यक्षपदाचं नावसुद्धा काढलं नाही. परतीच्या सबंध वाटेत शेठनी ती शाल काढली नाही.

दोन्ही संघांनी आपापल्या सभेत ठराव करायचा होता. इथे मी घोळ घातला. शेठ म्हणाले, दोन्ही सभा एकाच दिवशी शहरातल्या हॉटेलच्या हॉलमध्ये घेऊ, आधी आमची, मग तुमची, मग जेवण. एसी हॉल, सुरमईची थाळी. मी खूश होऊन नोटीस काढली. आमची मंडळीही खूश होऊन, इस्त्रीचे कपडे घालून पूल ओलांडून आली. त्यांची सभा दहा मिनिटांत झाली, ठराव मंजूर. आमची सुरू करायला मी उभा राहिलो, तोच मागून काकींचा आवाज आला.

"ही जागा कोणाची?"

हॉटेलची, मी म्हणालो. हॉटेलवाला आपला सभासद आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही. मग आजचा अध्यक्ष कोण? मी घामाघूम झालो. एसी असून. इतक्या वर्षांत आमची सभा सभासदाच्या जागेबाहेर भरलीच नव्हती, त्यामुळे हे कधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शेठ म्हणाले, मी बसतो अध्यक्ष म्हणून. काकी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आमचे सभासद कुठं? अजून झाला नाय तुम्ही."

सभा झाली नाही. आमचे व्यापारी चिडले, हार्डवेअरवाला तर हॉलबाहेर जाऊन काहीबाही बोलला. काकी मात्र निवांत जेवायला बसल्या. केलेलं अन्न टाकायचं नसतं म्हणाल्या, सुरमईचा तुकडा मागून घेतला, आणि सोलकढी पातळ आहे हे वाढप्याला सांगून आल्या.

पुढची पाळी कोणाची, हे मी रजिस्टरात पाहिलं. पाळी काकींची होती. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, यात मला आजही शंका नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाला, त्यांच्या मांडवात सभा भरली. शेठ आणि त्यांचे दोघे पाहुणे म्हणून आले होते. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेठना आंब्याच्या पालथ्या पेटीवर बसावं लागलं, बाकीचे अंगणाभोवतीच्या गडग्याच्या चिऱ्यांवर टेकले. सगळीकडे रसाचा वास, माश्या आणि उकाडा. काकी खुर्चीत बसल्या. मला वाटलं, भाषण करतील. त्यांनी मला सांगितलं, मसुदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, मोठ्याने.

मी वाचत गेलो. एकोणिसाव्या कलमाशी आल्यावर माझा आवाज आपोआप खाली गेला. "ऐकू येत नाय," काकी म्हणाल्या. पुन्हा वाचलं. "अजून मोठ्यानं." तिसऱ्यांदा मी ओरडूनच वाचलं, आणि वाचता वाचता मला पहिल्यांदा त्या कलमाचा राग आला. स्वतःचाही आला. हे मी माझ्या हातांनी टाइप केलं होतं.

काकी म्हणाल्या, हे कलम ज्यांना लागू होतं त्यांनी पुढे येऊन बसावं. एकेक जण उठला. शेवंतीबाय आली, पापडवाल्या दोघी आल्या, आगळवाली आली. पुढे जागा उरली नाही. खुर्च्यांवर उरले ते आमचे मोजके मोठे लोक, आणि पेटीवर शेठ. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"शेठ," काकी म्हणाल्या, "एकत्र यायला आम्ही तयार आहोत. पण येऊ ते सगळे येऊ, आणि सगळ्यांना मत असेल. अर्ध्यांना घरात घेऊन अर्ध्यांना पायरीवर बसवणार असाल, तर आम्ही आहोत तिथंच बरे."

शेठ म्हणाले, त्यांचे मोठे सभासद हे मान्य करणार नाहीत, सगळं बारगळेल.

"बारगळू दे. आमच्याशिवाय तुमची संघटना प्रादेशिक कसली? बाजारपेठेपुरतीच राहील ती. विचार करा. आम्हाला घाई नाय."

मत घेतलं. एकोणिसावं कलम काढून मगच विलीनीकरण, असा ठराव झाला. हार्डवेअरवाल्याने हात वर केला, हे पाहून मी थक्क झालो. नंतर विचारलं तर म्हणाला, त्या सगळ्या समोर बसल्या होत्या हो, काय करणार.

शहराने साडेतीन महिने ताणून धरलं. आमच्यातल्या मोठ्यांना वेगळं बोलावून पाहिलं. मलाही एकदा चहाला बोलावलं आणि इतिवृत्तात थोडा सौम्य शब्द घालता येईल का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. घरी येऊन बायकोला हे सांगितलं तर तिने दोनदा विचारलं, "तुम्ही म्हणालात?" गणपतीच्या आधी शेठचा निरोप आला. कलम काढलं होतं. एक सभासद, एक मत.

काकींना सांगायला गेलो तर त्या पडवी सारवत होत्या. बरं झालं, म्हणाल्या. मग सारवता सारवता म्हणाल्या, शेठना कळवा, पुढच्या वर्षी या म्हणावं, पोळी ठेवीन बाजूला. त्या दिवशी मला त्या थकलेल्या वाटल्या, पण काकींना तब्येत विचारायची सोय नव्हती.

डिसेंबरात त्या गेल्या. चार दिवस ताप, मग छाती भरली, शहरातल्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. पुलावरून परत आणताना गाडीमागे आमच्या सगळ्या गावांच्या रिक्षा आणि मोटरसायकली होत्या. शेठही आले होते. ते गडग्याशी उभे राहून रडले, मी पाहिलं.

नव्या प्रादेशिक संघटनेची पहिली निवडणूक फेब्रुवारीत झाली. मतदारयादी घेऊन टेबलाशी मीच बसलो होतो. यादी आडनावाप्रमाणे, मोठा-लहान असा काही भेद नाही. काकींचं नाव त्यात अजून तसंच होतं. शेजारी बसलेल्या शहरातल्या क्लार्कने विचारलं, हे खोडायचं ना? खोडायलाच हवं होतं. यादी चुकीची राहिलेली त्यांना चालली नसती. मी पट्टी घेतली आणि त्या नावावर सरळ रेघ ओढली. रेघ ओढून झाल्यावर मला पुढचं नाव वाचता येईना. मला त्या तिथे हव्या होत्या. रांगेत उभ्या राहून भांडायला हव्या होत्या.

रांगेत पुढे शेवंतीबाय होती. सकाळच्या एसटीने आली होती, नवं लुगडं नेसून. नाव सापडलं, मी सहीची जागा दाखवली. तिने पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर काढायला सुरुवात केली. पहिलं झालं. दुसरं झालं. मागे शेठ होते, आणि त्यांच्या मागे बाजारपेठेतली दहा-बारा मोठी नावं. कोणीतरी घड्याळ बघून म्हणालं, अहो, अंगठा घ्या, पटकन होईल.

शेवंतीबायने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"सावकाश कर गं," मी म्हणालो. "थांबतील ते."