सुपातला कोकाजी

तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मंदाबाईंनी सत्तावीस वर्षं तांदूळ निवडला. सकाळी नऊला पोत्यावर मांडी घालून बसायचं, समोर सूप घ्यायचं आणि पांढऱ्या दाण्यांतला काळा दाणा, लाल दाणा, खडा बोटाच्या टोकाने बाजूला उडवायचा. बाकीच्या बाया बोलता बोलता सुपाकडे बघत. मंदाबाई बोलणाऱ्या बाईकडे बघत, हात आपले चालत राहत, आणि तरी त्यांच्या सुपात मुकादमाला कधी खडा सापडला नाही. पुढे मिलमध्ये दाणे निवडणारं मशीन आलं. ते म्हणे प्रत्येक दाण्याचा फोटो काढतं आणि काळा दिसला की हवेने फुंकून टाकतं. बायांना घरी बसावं लागलं. शेवटच्या दिवशी मंदाबाईंनी मशीनमधला तांदूळ ओंजळभर घेतला, उजेडाला धरला आणि त्यातून दोन काळे दाणे काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवले. "हे तुमच्या मशीनचे," म्हणाल्या आणि चप्पल घालून निघाल्या.

घरी निवडायला होतं तरी किती? त्या स्वतः आणि एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर यादोराव. दोन माणसांची डाळ पाच मिनिटांत निवडून होई, मग हात रिकामे. त्यामुळे नात हर्षा नर्सिंग शिकायला नागपूरला निघाली आणि होस्टेलमध्ये पक्षी चालत नाही म्हणून आपला पोपट आजीकडे ठेवून गेली, तेव्हा मंदाबाईंना बरंच वाटलं.

पोपट म्हणजे नेहमीचा हिरवा राघू नव्हे. अंगाने करडा, डोक्यावर पिवळा तुरा, दोन्ही गालांवर नारिंगी टिकल्या. परदेशी जातीचा. हर्षाने त्याचं नाव कोको ठेवलं होतं. यादोरावांनी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली.

"पोपट म्हणते पोरगी, अन् हिरवा कुठंच नाही. पण तुरा पाहा, पाटलावानी आहे. याले नुसतं कोको कसं म्हणाचं? कोकाजी म्हणू."

कोकाजी आठवड्यात घरचा झाला. दिवसभर मंदाबाईंच्या खांद्यावर बसे. यादोराव जन्मभर वाजवलेल्या घंटीची नक्कल शिट्टीने करत, ती तो शिकला. मंदाबाई बाजाराला निघाल्या की दारातून दोन शिट्ट्या येत, गाडी सोडायला हरकत नाही अशा.

खाण्याचा मात्र नखरा होता. हर्षाने ठेवलेल्या पिशवीत राळा, बाजरी, ज्वारी, करडई आणि सूर्यफुलाच्या बिया एकत्र होत्या. कोकाजी त्यातल्या सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या उचली आणि बाकीचं चोचीने भिंतीपर्यंत उडवी. मंदाबाईंनी दोन दिवस झाडू मारला. तिसऱ्या दिवशी सूप काढलं. पिशवीतून त्या दिवसापुरते दाणे घेऊन त्यातली एकूण एक सूर्यफुलाची बी वेगळी करून डब्यात भरली आणि उरलेलं अंगणात चिमण्यांना टाकलं. कोकाजी खूश, चिमण्या खूश, घर स्वच्छ. रोज सकाळी हेच काम. कितीतरी दिवसांनी हातांना काम मिळालं होतं. वर चहात बुडवलेलं बिस्कीट असे आणि यादोरावांच्या मुठीतली शेव.

दसऱ्याला हर्षा घरी आली तेव्हा कोकाजी फ्रिजवरून खिडकीपर्यंत उडाला आणि चोच उघडी टाकून धापा टाकत बसला. हर्षाने त्याला हातात घेतलं आणि तिचा चेहराच बदलला. दुसऱ्या दिवशी दोघी त्याला डब्यात घालून जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या. पुढे एक म्हैस होती, मागे दोन शेळ्या.

डॉक्टर रक्षा तरुण होत्या. त्यांनी कोकाजीच्या छातीवरून बोट फिरवलं. "एकशे अठ्ठावीस ग्रॅम. चरबीखाली हाड हाताला लागतच नाही. काय खातो?"

"मिक्स दाणे आणले होते मी," हर्षा म्हणाली.

"मिक्स कुठलं?" मंदाबाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी मुद्दाम आणलेली डबी काढली. "त्याले सूर्यफूलच आवडते. म्हणून मी रोज निवडून देते. पाहा, यात दुसरा एक दाणा सापडला तं सांगा."

डॉक्टरांनी डबी उघडून बराच वेळ पाहिली. "आजी, इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यानेच हा आजारी पडला आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या बीत सगळं तेल. माणसाने तिन्ही त्रिकाळ भजी खाल्ल्यासारखं. यकृतावर चरबी चढली आहे, असंच चाललं तर वर्ष काढणार नाही. शेव, बिस्कीट बंद. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मोड आलेले मूग, बारीक धान्य द्यायचं. पण उपाशी ठेवून नाही, हळूहळू. आणि दर आठवड्याला वजन करायचं.

"आजी, नाताळच्या सुट्टीत मी येईन," परतताना हर्षा म्हणाली. "तोवर एकशे दहावर आला नाही, तर मी त्याला माझ्या मैत्रिणीकडे, रुपाकडे देईन. तिच्याकडे सहा पक्षी आहेत, सगळे भाजी खातात. तुझ्यावर राग नाही माझा. पण तो मरेल गं."

मंदाबाईंनी घरापर्यंत कोकाजीचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. मिल सुटली तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. ती मशीनची करणी होती. इथे त्यांच्याच बोटांनी रोज सकाळी मन लावून एका जिवाला दुखणं निवडून दिलं होतं, आणि आता तो जीव खांद्यावरून जाणार होता.

दुसऱ्या दिवसापासून वाट्या सुरू झाल्या. मेथीची वाटी, गाजराची वाटी, मुगाची वाटी. कोकाजी मेथीवर बसला, गाजरातून चालत गेला आणि मुगाची वाटी पायाने ढकलून खाली पाडली, मग ती कशी पडली हे वाकून पाहिलं. मंदाबाईंनी पान हातात धरून लाडीगोडी केली. त्याने तोंड फिरवलं. मोजून दिलेल्या सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या खाल्ल्या आणि आणखी हव्यात म्हणून घंटीची शिट्टी वाजवत राहिला.

वजन करायला भय्याजी सोनाराचा काटा होता. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक नसताना मंदाबाई कोकाजीला चहापत्तीच्या रिकाम्या खोक्यात घालून नेत. भय्याजी आधी खोकं तोलून शून्य करत आणि मग काचेची झडप लावून आकडा वाचत.

"एकशे अठ्ठावीस पॉइंट चार. काकू, हॉलमार्क मारून देऊ का?"

"हसू नका, भय्याजी. आता उतरते की नाही पाहा."

पुढच्या शनिवारी आकडा एकशे तीस. मंदाबाई भय्याजींच्या गादीवरच बसून राहिल्या. बिया मोजून दिल्या, बिस्कीट बंद केलं, मग हे दोन ग्रॅम आले कुठून? घरी आल्यावर त्यांनी यादोरावांच्या खुर्चीमागे पाहिलं. फरशीवर पिवळा चुरा होता.

"हे काय?"

"मुंग्यांनी आणलं असंल."

"मुंग्या शेवेची पुडी फोडतात?"

यादोराव चष्मा पुसू लागले. "तो माह्या तोंडाकडं पाहून राहिला होता. आपण खाचं अन् त्याले दाखवाचं? मले नाही जमत."

"मंग तुमीच खाऊ नका."

"हे बरं आहे. वजन त्याचं अन् उपास माहा."

पण शेव बंद झाली. पुढच्या शनिवारी आकडा पुन्हा एकशे अठ्ठावीसवर आला आणि तिथेच अडला. भाजीला कोकाजी शिवत नव्हता.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी मंदाबाईंनी सकाळच्या उन्हात पडवीत सूप घेतलं. मेथीच्या दोन जुड्या होत्या. पिवळं पान, काडी जमिनीवर. कोवळं पान सुपात. हात चालू लागले. कोकाजी खांद्यावरून दंडावर, दंडावरून मनगटावर उतरला आणि बोटांकडे टक लावून बसला. त्यांनी एक पान त्याच्यापुढे केलं. त्याने घेतलं नाही. ते पान त्यांनी नेहमीसारखं सुपात ठेवलं, आणि ठेवता ठेवता कोकाजीने झडप घालून तेच उचललं. मनगटावर बसून, डोळे बारीक करून, त्याने ते कुरतडून खाल्लं.

मंदाबाईंचा हात थांबला. मग त्यांनी एक जाड काडी मुद्दाम उलटसुलट करून पाहिली, जपून सुपात ठेवली. कोकाजीने ती काडी पळवली. त्यांनी एक चांगलं पान जमिनीवर टाकून दिलं. त्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही.

"अहो, इकडं या," त्यांनी हाक मारली.

यादोराव आले. पुन्हा तसंच झालं.

"चोर आहे हा," यादोराव म्हणाले.

"चोर नाही. त्याले कळते, निवडलेलं ते चांगलं. इतके दिवस मी त्याच्यासमोर सूर्यफूलच निवडत होती ना."

त्या दिवसापासून सकाळी आठ ते नऊ कोकाजीची मिल सुरू झाली. मंदाबाई मूठभर मिसळलेले दाणे सुपात घेत. राळा, ज्वारी, मोडाचे मूग एकेक करून पुढे ओढत, जसा काही मुकादम मागे उभा आहे. सूर्यफुलाची बी दिसली की काळ्या दाण्यासारखी बोटाने उडवत. पहिले काही दिवस कोकाजी उडवलेल्या बीमागे धावे, ती खाई, मग घाईने परत येई, कारण सुपात त्याच्याशिवाय काम पुढे चाललेलं असे. हळूहळू त्याच्या फेऱ्या कमी झाल्या. गाजराचा कीस सुपाच्या कडेला लावून ठेवला तर तोही चोरीला जाऊ लागला. शेवग्याचा पाला यादोराव गल्लीच्या टोकाच्या झाडावरून आणत आणि आणला की सांगत, "रेशन आलं."

भय्याजींच्या काचेत आकडा उतरू लागला. एकशे पंचवीस. एकशे बावीस. एका शनिवारी एकशे बाविसावरच राहिला, तेव्हा मंदाबाईंनी घरी येऊन खुर्चीमागे पाहिलं. यादोरावांनी आपणहून खिसे उलटे करून दाखवले.

नाताळच्या सुट्टीत हर्षा आली ती प्रवासाचा नवा पिंजरा घेऊनच. मंदाबाईंनी तो पाहिला आणि दाराआड ठेवला. आधी सगळे भय्याजींकडे गेले.

"एकशे अकरा," भय्याजी म्हणाले.

"एकशे दहा ठरलं होतं," हर्षा म्हणाली, पण आवाजात धाक नव्हता.

"सकाळपासून शिटला नाही तो," यादोराव म्हणाले. "अर्धा तास थांब, एकशे दहा होते."

हर्षा हसली, तरी घरी आल्यावर तिने स्वतः मेथी चिरली, वाटीत घातली आणि पिंजऱ्यात ठेवली. कोकाजीने वाटी ढकलून पाडली.

"आजी, हा भाजी खातच नाही."

"वाटीत नाही खात."

"मग उतरलं कसं? उपाशी ठेवलंस का?"

मंदाबाई आत गेल्या. सूप आणलं, जुडी सोडली आणि बसल्या. पाच मिनिटांत कोकाजी मनगटावर होता आणि मेथीची पानं एकामागून एक जात होती. हर्षा बघत राहिली. मग म्हणाली, "सरक, मी करते."

तिने एका हातात मोबाईल धरला आणि दुसऱ्या हाताने पानं भराभर सुपात टाकली. कोकाजीने थोडा वेळ पाहिलं आणि तो मंदाबाईंच्या खांद्यावर जाऊन बसला.

"तू टाकून राहिली," मंदाबाई म्हणाल्या. "निवडून नाही राहिली. त्याले फरक समजते."

हर्षाने मोबाईल बाजूला ठेवला. पान उचलायचं, मागून पुढून पाहायचं, ठेवायचं. उन्हं पायांवरून गुडघ्यांवर आली. तेव्हा कुठे कोकाजी खाली उतरला आणि तिच्या बोटांतून एक पान काढून घेतलं.

तिने रुपाला फोन लावला आणि सगळी हकिकत सांगितली. पलीकडून रुपाचं हसणं पडवीत सगळ्यांना ऐकू आलं. रोज सकाळी तासभर मेथी निवडत बसायला तिच्या घरी कोणाला वेळ होता? सहाही पक्ष्यांना वाट्या भरून ठेवायच्या आणि ऑफिसला पळायचं, एवढंच तिला जमत होतं.

हर्षाने फोन ठेवला. "हा इथेच राहील, आजी. पण शनिवारचं वजन मला दर शनिवारी कळव."

मंदाबाईंनी मान हलवली. मग दुसरी जुडी सोडून नातीच्या पुढ्यात ठेवली.

"आता बसलीच आहेस, तं हेही करून टाक. संध्याकाळी भाजी आपल्यालेही लागंल."